सोसायटीच्या ऑफिसातला जुना लॅपटॉप: नवा घ्यावा की हाच चालवावा?

सहीशिक्का

नमस्कार मंडळी. हाउसिंग सोसायटीच्या ऑफिसातल्या लॅपटॉपबद्दल सल्ला हवा आहे. इंटेल आय५ ६२००यू, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्डडिस्क, विंडोज १०, ऑफिस २०१६. चालू व्हायला पाच-सात मिनिटं लागतात आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्क्यांवर. विंडोज ११ साठी हा पात्र नाही, असा संदेश येतो.

कामं अशी: मेंटेनन्सची बिलं एक्सेलमध्ये, नोटिसा, सभांची इतिवृत्तं, नेट बँकिंग. प्रिंटर कॅनन एलबीपी २९००. जुनी इतिवृत्तं वर्डमध्ये आहेत, पण श्रीलिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये, आणि श्रीलिपी डोंगलवर (यूएसबीला लावायची परवान्याची किल्ली) चालते.

कमिटीत तीन मतं आहेत: नवा घ्या, लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाका, आहे तसा चालू द्या. नेमकं काय करावं आणि कोणत्या क्रमाने?

खटपट्या

आधी डिस्क. बाकी चर्चा त्यानंतर.

तुमचा प्रोसेसर एक्सेल आणि ब्राउझरला अजून पुरतो. अडतंय ते हार्डडिस्कवर. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची फिरती डिस्क सलग मोठी फाइल वाचताना सेकंदाला साधारण १०० एमबी देते. पण विंडोज चालू होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून उचलाव्या लागतात, आणि तिथे हाच वेग १ एमबीच्या आसपास घसरतो. साधी साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवाली डिस्क, सलग वाचनात ५५० एमबीपर्यंत जाते, ते जाहिरातीत छापतात. खरा फरक बारीक फायलींत दिसतो, तिथे ती २०-३० एमबी देते. म्हणून दुकानदार ‘ही ५५० वाली, ती ५०० वाली’ करू लागला तर त्यावर एक रुपयाही जास्त देऊ नका.

घ्यायची ती २.५ इंची, ७ मिमी जाडीची साटा. ४८० किंवा ५०० जीबी भरपूर झाली. नाव न ऐकलेली, वॉरंटी कुठे मागायची ते पाकिटावर नसलेली स्वस्त एसएसडी टाळा. वॉरंटी बहुतेक ठिकाणी सीरियल नंबरवर चालते, तेव्हा बिलावर तो नंबर लिहून घ्या आणि बिल सोसायटीच्या नावाने करा.

रॅम विकत घेण्याआधी एक गोष्ट तपासा. सहाव्या पिढीचे लॅपटॉप दोन प्रकारात आले, काहींत डीडीआर३एल आणि काहींत डीडीआर४. एकाची पट्टी दुसऱ्यात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर टाकून त्यात मेमरीचा प्रकार बघा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत ते कळतं. दुसरा स्लॉट रिकामा असेल तर ४ जीबीची एक पट्टी पुरे. डीडीआर३एल असेल तर १.३५ व्होल्टचीच घ्या. नुसती डीडीआर३ म्हणजे १.५ व्होल्टची, ती लावली तर बहुधा पडद्यावर काहीच येणार नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढलेत, त्यामुळे एसएसडी आधी बसवून वापरून बघा आणि मगच रॅमचं ठरवा.

पेंग्विनवाला

खटपट्यांशी सहमत, पण पुढचं पाऊल माझ्या मते लिनक्स मिंट, लिनक्सचा एक सोपा प्रकार. मिंट २२ हे उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेलं आहे आणि एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. ४ जीबी रॅमवर हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, जड सिनॅमन नको. मराठी टंकनासाठी आयबस आणि एम१७एन ही टंकनाची सॉफ्टवेअर बसवली की इनस्क्रिप्टही (प्रमाण मराठी कळफलक) मिळतं आणि फोनेटिकही (इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे). नेट बँकिंगला फायरफॉक्स किंवा क्रोम चालतो. फुकट, सुरक्षित, आणि व्हायरसची कटकट नाही.

कागदी घोडा

पेंग्विनवाले, प्रश्न नीट वाचा. प्रिंटर एलबीपी २९०० आहे.

हा प्रिंटर पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या सर्वसामान्य भाषा समजत नाही. पान तयार करण्याचं सगळं काम संगणकातला ड्रायव्हर करतो आणि कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत प्रिंटरला पाठवतो. लिनक्ससाठी कॅननचा कॅप्ट ड्रायव्हर आहे, पण तो जुना आहे. त्याला ३२-बिट लायब्ररी लागतात, आणि त्याची पार्श्वभूमीत चालणारी सेवा अधूनमधून बंद पडते, मग छपाई रांगेत अडकून बसते. स्वयंसेवकांनी लिहिलेला पर्यायी ड्रायव्हरही आहे. जमतो, पण जमवणारा माणूस जवळ लागतो. सोसायटीच्या ऑफिसात नोटीस लावायच्या दिवशी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून कोण बसणार?

एचपी १०२० वाल्यांनाही हे लागू आहे. त्याला दर वेळी संगणकाकडून फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) घ्यावं लागतं, आणि एचपीच्या लिनक्स पॅकेजमध्ये त्यासाठी वेगळा प्लगइन बसवावा लागतो.

म्हणजे इथला निर्णय प्रोसेसरवर नाही, प्रिंटर आणि डोंगलवर ठरतो. श्रीलिपीही विंडोजचीच. एसएसडी टाका आणि तूर्त विंडोज १० वरच राहा.

पेंग्विनवाला

प्रिंटरचा मुद्दा मान्य. तरी ज्यांच्याकडे दुसरा प्रिंटर आहे त्यांच्यासाठी: ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट टाकून लॅपटॉप त्यावरून चालू करा. हार्डडिस्कला हात लागत नाही. त्या अवस्थेतच एक पान छापून बघा आणि वायफाय लागतंय का तेही बघा, विशेषतः ब्रॉडकॉम चिप असेल तर. छापलं गेलं तरच पुढे जा. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी त्याचा ड्रायव्हर आणि त्या त्या पोर्टलचं सही करण्याचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं की नाही ते आधी पाहावं.

तळटीप

‘तूर्त विंडोज १०’ म्हणजे किती दिवस, तेही सांगा ना. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला. वाढीव सुरक्षा अपडेट, म्हणजे ईएसयू, घरगुती वापराच्या आवृत्तीला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, मग विंडोज अपडेट, तिथे नोंदणीची लिंक दिसते. ती न दिसण्याची कारणं साधारण दोनच: आवृत्ती २२एच२ नाही, किंवा मधले अपडेट थकलेत. आधी सगळे अपडेट घ्या आणि पुन्हा बघा.

नोंदणीला मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, नुसतं लोकल खातं चालत नाही. सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. फोल्डरचा बॅकअप मात्र बंद ठेवा. वनड्राइव्हमध्ये फुकटची जागा ५ जीबीच असते, ती डेस्कटॉपवरच्या स्कॅननेच भरेल आणि रोज इशारे येत राहतील.

आणि हे खातं चिटणीसांच्या खासगी ईमेलवर काढू नका. सोसायटीचा स्वतंत्र ईमेल काढा, पासवर्ड लिफाफ्यात घालून दप्तरात ठेवा. पुढच्या निवडणुकीत कमिटी बदलली की जुन्या चिटणीसांच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीसाठी पळापळ होते.

ऑफिस २०१६ चा आधारही त्याच तारखेला संपला, आणि ईएसयूमध्ये तो येत नाही. बाहेरून मेलवर आलेली वर्ड-एक्सेलची फाइल त्यात थेट उघडू नका. बिलांपुरतं लिब्रेऑफिस बसवून चालतंय का पाहा. मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम) नसतील तर बहुतेक चालतं.

जुगाडू

एवढी यातायात कशाला? रुफस या मोफत सॉफ्टवेअरने विंडोज ११ चा पेनड्राइव्ह बनवा, टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि रॅमची अट काढून टाका, विंडोज ११ टाका. तासाभराचं काम.

खटपट्या

बसेल, त्यात शंका नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये ज्या इन्स्ट्रक्शन लागतात त्याही ६२००यू मध्ये आहेत, त्यामुळे चालूही होईल. पण अपात्र यंत्रावर वर्षातून एकदा येणारी नवी आवृत्ती आपोआप उतरत नाही, पुन्हा पेनड्राइव्ह करून हाताने बसवावी लागते. होम आवृत्तीला दोन वर्षांचाच आधार असतो. आज हौसेने बसवून दिलं आणि पुढे कुणी बघितलं नाही, तर दोन वर्षांनी सुरक्षेला तेच भोक पुन्हा पडतं, फक्त या वेळी कुणाला कळत नाही. शिवाय ४ जीबीवर विंडोज ११ म्हणजे आहे त्याहून हळू. घरी स्वतःच्या यंत्रावर खुशाल करा. सभासदांचे आधार-पॅनचे स्कॅन असलेल्या ऑफिसच्या यंत्रावर नको.

कागदी घोडा

त्यात जुन्या डोंगलचा ड्रायव्हर. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण चालू असेल तर जुने ड्रायव्हर लोड होऊ देत नाही, आणि मग लोक ते संरक्षणच बंद करून टाकतात. म्हणजे सुरक्षेसाठी अकरावर गेलात आणि तिथे जाऊन सुरक्षा काढलीत.

पुढेमागे नवा लॅपटॉप घ्याल तेव्हा एकच सांगणं: प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचाच घ्या. स्नॅपड्रॅगनवाले लॅपटॉप बॅटरीला छान असतील, पण ते एआरएम, म्हणजे वेगळ्याच रचनेचे प्रोसेसर आहेत. जुना प्रिंटर आणि जुना डोंगल या दोघांचे ड्रायव्हर तिथे बसणार नाहीत. एलबीपी २९०० चा ६४-बिट ड्रायव्हर साध्या विंडोज ११ वर चालतो.

श्रीलिपीची गाठ मात्र आत्ताच सोडवायला घ्या. या फायलींत मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि फाँट त्यांना मराठी रूप देतो. फाँट गेला की इतिवृत्ताच्या जागी कचरा दिसतो, आणि त्यात शोधही घेता येत नाही. म्हणून पहिलं काम: डोंगल चालतोय तोवर प्रत्येक जुन्या फाइलची पीडीएफ करून ठेवा, फाँट पीडीएफमध्ये अंतर्भूत करून. तो झाला पुरावा. त्यानंतर लागतील तेवढ्याच फायली युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच दिसते ती पद्धत) बदला.

बदलताना चुका ठरावीक जागी होतात. रफार जुन्या फाँटमध्ये अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये आधी. ऱ्हस्व वेलांटीचं बरोबर उलटं. त्यामुळे ‘कार्यकारिणी’, ‘निर्णय’, ‘स्थगिती’ असे शब्द मुद्दाम तपासा. इंग्रजीत लिहिलेली नावं आणि फ्लॅट क्रमांकातली ए, बी अक्षरंसुद्धा बदलणारं सॉफ्टवेअर मराठी समजून भलतंच काहीतरी करून टाकतं. आकडे तर डोळ्यांनीच पडताळा, रकमेच्या ठरावात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर भांडण ठरलेलं. आणि फाँटच्या मालिकेप्रमाणे संकेत बदलतात, तेव्हा मूळ फाइलमध्ये नेमका कोणता फाँट आहे ते पाहूनच बदलाचा तक्ता निवडा.

नव्या नोटिसा आजपासून युनिकोडमध्ये. विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कळफलक आयता आहे, भाषेच्या सेटिंग्जमधून जोडायचा आणि विंडोज व स्पेसबार एकत्र दाबून बदलायचा. टायपरायटर पद्धतीचा हात बसलेला असेल तर तो कळफलक वेगळा बसवावा लागतो. इनस्क्रिप्टमध्ये ‘दुसऱ्या’मधला ऱ्य हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग हलन्त, मग य.

सहीशिक्का

सर्वांचे आभार. सीपीयू-झेडमध्ये डीडीआर४ दिसतंय आणि एक स्लॉट रिकामा आहे. एसएसडी टाकायचं ठरतंय. विंडोज नव्याने टाकावं की आहे तेच उचलून एसएसडीवर न्यावं? १ टीबीपैकी १४० जीबीच भरलंय.

खटपट्या

एरवी नव्यानेच टाका म्हटलं असतं, परवाना मदरबोर्डशी बांधलेला असल्याने विंडोज परवान्याचा क्रमांक विचारतही नाही. पण तुमच्याकडे श्रीलिपी, प्रिंटर, ऑफिस सगळं बसवलेलं आहे आणि मूळ सीडी सापडेल याची खात्री नाही. तेव्हा क्लोन करा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवा.

त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचताना अडणारे भाग) शून्य नसेल तर क्लोन मध्येच अडकू शकतो. अशा वेळी आधी इतिवृत्तं आणि एक्सेलच्या फायली दुसऱ्या डिस्कवर हाताने उतरवा, मग बाकीचं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर बंद करून पूर्ण उलगडू द्या.

साटा ते यूएसबी केबल लागेल. एसएसडीच्या कंपनीचं क्लोन सॉफ्टवेअर मिळत असेल तर तेच वापरा, ते मोठ्या डिस्कवरचं लहान डिस्कवर आपोआप बसवतं. क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअरही उत्तम, पण लहान डिस्कवर जाताना आधी डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसून घ्यावी लागते, आणि शेवटी असलेलं रिकव्हरी पार्टिशन तिथे आडवं येतं.

झालं की लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, मागचं झाकण उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि मगच डिस्कला हात लावा. झाकणाचे स्क्रू कागदावर जागेप्रमाणे मांडून ठेवा. लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तळहाताच्या बाजूचं प्लास्टिक फुटतं. जुन्या डिस्कला धरून ठेवणारी पट्टी काढून एसएसडीला लावा. जुनी डिस्क ९.५ मिमीची असेल तर एसएसडी सैल बसेल, पाकिटात येणारी पातळ चौकट चिकटवा.

पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क यूएसबीला लावलेली नको. दोन्हींची ओळख-खूण एकच असल्याने विंडोज गोंधळतं. महिनाभर जुनी डिस्क जशीच्या तशी बाजूला ठेवा, सगळं छापून-उघडून पाहिल्यावर पुसा आणि यूएसबी केसमध्ये घालून आठवड्याच्या बॅकअपला वापरा.

झाकण उघडलेलं असेलच तर बोर्डवरचा बटन सेलही बदला, बहुतेक यंत्रांत सीआर२०३२ असतो, काहींत वायरवाला. तो संपला की तारीख मागे जाते आणि बँकेची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही, मग लोक ब्राउझरला दोष देत बसतात. ४ जीबीची डीडीआर४ पट्टी मिळाली तर तीही याच वेळी टाकून घ्या.

तळटीप

क्लोन झाल्यावर श्रीलिपी एकदा डोंगल लावून उघडून बघा. ती उघडली आणि एलबीपी २९०० वर एक मराठी पान नीट आलं, की ईएसयूची नोंदणी उरकून घ्या.