नवशिक्याने जुना सॅक्स घेऊच नये म्हणणाऱ्यांना

खालचा_बी:
काल एकाने इथं लिहिलं की नवशिक्याने सेकंडहँड सॅक्सोफोन घेणं म्हणजे पैसे पाण्यात, त्यापेक्षा बजेटमध्ये बसेल तो कोरा घ्या, वॉरंटी असते, डोक्याला ताप नाही. खाली सगळ्यांनी माना डोलावल्यात. मला राहवलं नाही म्हणून लिहितोय, लांबेल पण वाचा.

त्या बजेटमध्ये कोरा म्हणून मिळतं काय? कधी न ऐकलेलं नाव, चकाचक लॅकर (पितळेवरचा लेप), सोबत पांढरे हातमोजे. कींचा, म्हणजे बोटांनी दाबायच्या पट्ट्यांचा धातू इतका मऊ की टेक्निशियनने आज बसवून दिलं तरी थोड्याच दिवसांत परत लीक. आणि लीक म्हणजे काय होतं ते वाजवणाऱ्यांना सांगायला नको, वरचा एखादा पॅड, म्हणजे भोक झाकणारी गादी, केसभर उघडा राहिला तरी खालचे सगळे सूर गेले. खालचा सी काढायला जावं तर गुडगुड होते नाहीतर सूर वरच्या सप्तकात उडी मारतो. शिकणाऱ्याला वाटतं आपल्याच फुंकेत दम नाही, मग तो ओठ आवळतो, जोर लावतो, आणि ती सवय पुढे चांगला सॅक्स हातात आला तरी सुटत नाही. मी शिकवतो, ही पोरं माझ्याकडेच येतात.

उलट यामाहाचा वायएएस-२३ बघा, शिकणाऱ्यांसाठीचा अल्टो सॅक्स. शाळेच्या बँडमध्ये पोरांनी वर्षानुवर्षं आदळलेला असला तरी नीट करून घेतला की वाजतो. हाय एफ शार्पची की नाही त्याला, नसू दे, सुरुवातीला तिथं जातंय कोण. पार्ट मिळतात, आणि उद्या सोडून द्यायचा झाला तर विकताना फार तोटा नाही. बिननावाच्या नव्याला दुसऱ्यांदा गिऱ्हाईकच मिळत नाही.

आधी_नवाच:
ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. तुम्हाला वाजवता येतं म्हणून तुम्हाला जुना परवडतो. ज्याला अजून एक सूर धड काढता येत नाही तो जुना सॅक्स तपासणार कसा?

माझं सांगतो. मी सेकंडहँड अल्टो घेतला, जाहिरातीत "एकदम चालू, फक्त वाजवायला घ्या" लिहिलं होतं. विकणाऱ्याला स्वतःला वाजवता येत नव्हतं, काकांचा होता म्हणे, माळ्यावर पडून होता. पॅड दगडासारखे कडक. दुरुस्तीवाल्याने पूर्ण ओव्हरहॉलचा जो आकडा सांगितला तो सॅक्सच्या किमतीपेक्षा जास्त. ज्या हौसेने घेतला ती हौस तिथंच संपली, पेटी परत वर गेली. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी सांगत होतो.

पॅड_कॉर्क_फेल्ट:
मी दुरुस्तीचं काम करतो. दोघंही अर्धं सांगताय.

जुन्याचा भाव विचारताना त्यात पॅडचा खर्च धरायचाच, हे कोणी करत नाही. पॅड म्हणजे पुठ्ठा, फेल्ट आणि वरून चामडं, ते झिजणारच. पण आधी बघायचं ते पॅड नाहीत, आधी नेक बघा, म्हणजे माउथपीस बसतो ती वरची वाकडी नळी. बाजूने धरून वाकणापाशी नजर लावा, नळी गोल न राहता वरून चेपून अंड्यासारखी झाली असेल आणि खाली सुरकुती दिसली तर कोणीतरी माउथपीस बसवताना भलतीकडे जोर लावलाय. मग रॉडच्या दिशेने कीला डावी-उजवीकडे हलवून बघा, खडखडली तर झिज आहे. बेल, म्हणजे पुढचं रुंद तोंड, एका बाजूला ढकललं गेलंय का बघा, खालच्या बी आणि बी फ्लॅटचे पॅड बेलवरच असतात, बेल सरकली की ते बसत नाहीत. जी शार्पचा पॅड चिकटला तर घाबरू नका, चांगल्या सॅक्सवरही चिकटतो. लॅकर उडालंय का याकडे बघूच नका.

आणि बिननावाचे नवे मी हातात घेत नाही. की सरळ करायला गेलं की तुटते, आणि शिव्या मला.

जुनं_पितळ:
लॅकर उडालेलं तर उलट चांगलं! मोकळा वाजतो. स्टुडंट मॉडेलच्या मागे का लागता सगळे, कॉन किंवा ब्युशर या अमेरिकन कंपन्यांचा जुना सॅक्स शोधा, त्या काळचं पितळच वेगळं होतं. माझा १९४० च्या दशकातला कॉन आहे, त्याचा खालचा आवाज आजच्या कुठल्याही सॅक्सला येत नाही. धातू मुरतो.

हवेचा_खांब:
धातू मुरत नाही हो. सॅक्समध्ये कंप पावते ती रीड (माउथपीसवरची पातळ पट्टी) आणि आतली हवा, आवाज ठरतो आतल्या पोकळीच्या आकारावर, माउथपीसवर आणि तुमच्या तोंडावर. तुमच्या कॉनचा आवाज वेगळा आहे कारण त्याची आतली नळीच वेगळ्या मापाची आहे. जॅझमधला मोठा सॅक्सवादक चार्ली पार्करने १९५३ मध्ये टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये ग्राफ्टनचा प्लॅस्टिकचा अल्टो वाजवला होता, स्वस्तात पडावा म्हणून काढलेला. ऐका आणि सांगा पितळ कुठं कमी पडलं.

जुनं_पितळ:
पार्करचं उदाहरण देऊ नका, पार्कर होता तो. मी स्वतः डोळे मिटून ऐकून सांगू शकतो कुठला जुना आणि कुठला नवा. धातूने काही होत नसेल तर यानागिसावा कंपनी ब्राँझचे वेगळे सॅक्स कशाला बनवते? त्यांना कळत नाही आणि तुम्हाला कळतं?

हवेचा_खांब:
विकले जातात म्हणून बनवतात. डोळे मिटून ऐकताना वाजवणारा कोण होता? तुम्हीच ना? मग वाजवताना हाताला आणि दाताला जे जाणवतं ते तुम्ही कानाच्या नावावर खपवताय. पडद्यामागे दुसऱ्याला वाजवू द्या.

जुनं_पितळ:
खपवताय काय? मी वाजवत आलोय, तुम्ही भौतिकशास्त्र वाचत आलाय. असं बोलायचं असेल तर माझ्याकडून नमस्कार.

पॅड_कॉर्क_फेल्ट:
लॅकरबद्दल एवढंच, की परत लॅकर केलेल्या सॅक्सला लोक नावं ठेवतात ते लॅकरमुळे नाही. लॅकर चढवण्याआधी पॉलिश मारताना धातू घासला जातो, टोनहोलच्या (पॅड बसतात त्या भोकांच्या) कडा जातात, कोरलेली नक्षी पुसट होते. नक्षी बघून ओळखा. जुनं_पितळ यांच्या कॉनला मीच पॅड घातले असते तर आनंद झाला असता, सुंदर सॅक्स आहे, पण नवशिक्याला नको. डाव्या करंगळीच्या कींवर आजचा विद्यार्थी घामाघूम होईल.

खालचा_बी:
आणि जुने अमेरिकन सुचवताना हे तरी सांगा की १९२० च्या दशकात सी मेलडी सॅक्स ढिगाने निघाले, ते अजून स्वस्तात मिळतात आणि नवशिका अल्टो समजून घेतो. ना अल्टोसारखा ई फ्लॅट ना टेनरसारखा बी फ्लॅट, क्लासमधल्या कुठल्याच पुस्तकाशी जुळत नाही. वर काही हाय पिचचे, ए सूर ४५७ हर्ट्झच्या आसपास, ते आजच्या ४४० ला लागतच नाहीत. माझ्या एका विद्यार्थ्याने असाच आणला होता, सुंदर नक्षीचा, बिचाऱ्याला कोणाबरोबर वाजवता येईना.

जुनं_पितळ:
बरं, सी मेलडीचं मान्य. हाय पिचचंही. कॉनबद्दल मात्र एक शब्द मागे घेत नाही.

पहिलीच_रीड:
ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो मी. मला खरंच एक वायएएस-२३ मिळतोय, बेलवरचं लॅकर गेलंय, माउथपीस कुठला आहे माहीत नाही. टेक्निशियन बराच लांब आहे. घेऊ का?

आधी_नवाच:
बघा, हाच प्रश्न मी विचारत होतो. टेक्निशियन लांब असला तर काय? जवळच्या क्लासकडून भाड्याने घ्या आधी, लीक झाला तर त्यांची डोकेदुखी.

खालचा_बी:
भाड्याचं बरोबर बोललात, मिळत असेल तर तेच करा. पण तुमच्या मूळ पोस्टमध्ये भाडं नव्हतं, कोरा बिननावाचा होता, आणि टेक्निशियन लांब असेल तर तोच सगळ्यात आधी मान टाकतो.

आधी_नवाच:
बिननावाचा घ्या असं मी शब्दशः म्हटलं नव्हतं, "बजेटमध्ये बसेल तो" म्हटलं होतं. त्या बजेटमध्ये दुसरं काही बसत नाही हे ठीक आहे, मानतो. तरी वाजवणारा माणूस सोबत नसेल तर जुना घेऊ नये, यावर मी ठाम आहे.

खालचा_बी:
यावर माझं भांडण नाहीच. पहिलीच_रीड, तू वाजवणारं कोणीतरी सोबत ने आणि त्याला वरच्या बीपासून एकेक सूर खाली बी फ्लॅटपर्यंत हळू आवाजात वाजवायला सांग, बोटं अलगद ठेवून. जोरात फुंकून, कचकचून दाबून लीक झाकता येतो, हळू वाजवताना नाही. माउथपीसचा विचार करू नकोस, यामाहाचा ४सी वेगळा घे, रीड दोन किंवा अडीच नंबरची.

पॅड_कॉर्क_फेल्ट:
आणि जायच्या आधी विकणाऱ्याकडून नेकचा बाजूने काढलेला फोटो मागव. समोरून काढलेला पाठवला तर परत माग.