मदत हवी आहे: लेखी युक्तिवादात उपमा-रूपक किती चालतं?

नमस्कार मंडळी. सांगलीत ज्युनिअर वकील म्हणून काम करतो. तासगावकडच्या एका द्राक्षबागेच्या वहिवाटीच्या रस्त्याचा दिवाणी दावा आहे. शेजाऱ्यानं चर मारलाय, फवारणीचा ट्रॅक्टर आत जात नाही. सुखाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्या-येण्यासारखा हक्क) कायदा, 1882, कलम 15, वीस वर्षांची अखंड वहिवाट, हे सगळं मांडलंय. शेवटी लिहिलं, ‘हा रस्ता म्हणजे बागेची नाळ आहे.’ सरांनी लाल पेनानं गोल केला आणि म्हणाले, “समोरचा वकील म्हणेल, नाळ जन्मल्यावर कापायचीच असते!” हसू आलं, पण मुद्दा बिनतोड.

तरी रूपक वर्ज्यच म्हणावं, तर पुराव्याची ‘साखळी’ कुठून आली? शरद बिर्धीचंद सारडा निकालात (1984) परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्यांना सर्वोच्च न्यायालयानंच ‘पंचशील’ म्हटलंय. केशवानंद भारती निकालापासूनची (1973) संविधानाची ‘मूलभूत चौकट’ही रूपकच की.

जिल्हा न्यायालयात मराठीतून लिहिणाऱ्यांनी सांगावं: रूपक वस्तुस्थितीत घालता की फक्त समारोपात? उलटणार नाही हे कसं तपासता? आणि ‘नाळ’ऐवजी काय लिहू? ‘बागेचं दार’ सुचलंय, पण दाराला कुलूपही लागतं. पुढची तारीख सोमवारी आहे.