टीव्हीवरचा एखादा समालोचक पंचवीस वर्षं कानाला कसा चालतो?

मिरजेचा_जावई:
घरात वाद पेटलाय. सासरे म्हणतात, रिची बेनॉ गेला आणि समालोचन संपलं, आताचे सगळे बडबडे. पोरगी आयपीएल मराठी समालोचन लावून बघते, तिला त्यातच मजा येते. मला पडलेला प्रश्न असा, की एखाद्याचा आवाज वर्षानुवर्षं हवासा वाटतो आणि एखादा दोन सीझनमध्ये डोकं उठवतो, हे कशामुळं? स्वतः खेळलेला असावा लागतो का?

जुना_मेकॅनिक (सांगली):
जावईबापू, मी गल्लीबाहेर क्रिकेट खेळलो नाही, पण ऐकलंय भरपूर. एकतीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं माझं. एलओटी (पडद्याला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) गेलेल्या सेटला आवाज यायचा, चित्र नाही. स्पीकर गेलेल्याचं उलटं. मॅचच्या दिवशी असे दोन सेट फळीवर शेजारी शेजारी लावायचो. एकाचं चित्र, दुसऱ्याचा आवाज. गिऱ्हाइकं रस्त्यापर्यंत.

२२ एप्रिल १९९८, शारजा, ऑस्ट्रेलियाविरुद्धची मॅच. चित्रवाला सेट एक मास्तर संध्याकाळीच उचलून घेऊन गेले. राहिला नुसता आवाज. सचिन मारतोय, समालोचक टोनी ग्रेग ओरडतोय, पब्लिक ओरडतंय, पण बॉल गेला कुठं? काही पत्ता नाही. वडील माझे बाळ ज. पंडितांचं रेडिओवरचं मराठी समालोचन ऐकलेले. ते जाम वैतागले, "अरे, हा बाबा सांगत काहीच नाही!" सचिनचे १४३ झाले आणि आम्हाला त्यातला एक शॉट दिसला नाही.

दोन दिवसांनी फायनल. आता चित्रवाला सेट होता, पण आवाजवाला नेमका चालेना. सचिनचा पंचविसावा वाढदिवस, १३४ रन, कप आपला. सगळं दिसत होतं, तरी दुकानात सुतक पडल्यासारखं. त्या दिवशी मला कळलं, की ग्रेग बॉल कुठं गेला ते सांगायला बसलेलाच नव्हता. तो आपल्या शेजारी बसून मॅच बघत होता.

बेनॉ टिकला तो यामुळंच. चित्रात दिसतंय ते तो बोलायचा नाही, त्यामुळं तोंड उघडलं की कान आपोआप तिकडं जायचा. २००५ ला ओव्हलवर इंग्लंडमधल्या प्रेक्षकांचा शेवटचा निरोप घेत होता, तेवढ्यात ऑस्ट्रेलियाच्या मॅकग्रानं १५८ वर इंग्लंडच्या पीटरसनचा दांडा उडवला. याचा निरोप अर्ध्यात! आधी विकेट सांगितली, मग सोडलेलं वाक्य परत उचललं. यूट्यूबवर बघा.

खेळलेला हवा का? समालोचक हर्षा भोगले केमिकल इंजिनिअर, पुढं अहमदाबादच्या आयआयएमचा. शेजारी बसलेल्या माजी खेळाडूला आपल्या मनातलाच प्रश्न विचारतो. ते जमलं की बास.

कृष्णाकाठ:
मेकॅनिककाका, सगळं पटलं, पण ओरडणाऱ्यांना एवढं माफ करू नका. जोरात गेलेल्या प्रत्येक बॉलला रवी शास्त्रींची ती "ट्रेसर बुलेट" किती वेळा ऐकायची? २ एप्रिल २०११ ला धोनीनं कुलसेकराला सिक्स मारला तेव्हा मात्र त्यांच्या आवाजानं काटा आला, खोटं कशाला बोलू. अठ्ठावीस वर्षांनी कप आला होता, तिथं ओरडायलाच पाहिजे. बारा रनांच्या ओव्हरला तोच सूर लावला की पैसा वाया. मराठीचंही तसंच. नुसतं इंग्रजी वाक्य उलथून मराठीत टाकलं की कानाला खडे लागतात.

कुंडलकर:
क्रिकेटवाल्यांनी कधी मैदानात येऊन कुस्ती बघा. कोथळीचे शंकर पुजारी अण्णा निवेदन करायचे. दोन पैलवान मान धरून नुसते खडाखडी करतायत, काही घडत नाही, तेव्हा अण्णा पैलवानाचा वस्ताद कोण, तालीम कुठली ते काढायचे. तेवढ्यानं फेटेवाले म्हातारे परत पुढं सरकायचे. टीव्हीवर कुस्ती लागली की कलाजंग डाव आपल्या डोळ्यांनी दिसलेला असतो, तरी तेच परत ऐकवतात.

मिरजेचा_जावई:
सासऱ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, मी तेच म्हणत होतो. (ते तसं अजिबात म्हणत नव्हते.) काका, ते दोन सेट आहेत का अजून?

जुना_मेकॅनिक (सांगली):
चित्रवाला सेट मास्तर परत घेऊन आले होते, फायनलला तोच लावला, मग स्पीकर बदलून दिला. आवाजवाला माळ्यावर आहे. मालक न्यायला आलाच नाही.