मदत हवी आहे: संध्याकाळी अँप्लिफायर घुमतो, दोष अर्थिंगचा की लाइनचा?

मालवणजवळ जुनं घर, सिंगल फेज मीटर. टोरॉइडल (कडीच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरचा स्टीरिओ अँप्लिफायर आहे. दिवसा गप्प असतो. दिवेलागणीनंतर ट्रान्सफॉर्मर घुमायला लागतो, स्पीकर आणि सगळ्या इनपुट वायरी काढल्या तरी. म्हणजे हा ग्राउंड लूप (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थमधून फिरणारा करंट) नव्हे.

ट्रू आरएमएस मल्टिमीटरचे आकडे: फेज-न्यूट्रल दुपारी 232 व्होल्ट, रात्री आठला 196. न्यूट्रल-अर्थ दुपारी 3, रात्री 11. घरातला फ्रीज, पंप, एलईडी, सगळं बंद करून मोजलं तरी न्यूट्रल-अर्थचा रात्रीचा आकडा जेमतेम उतरतो. इन्व्हर्टर बायपास केलेला आहे.

अर्थिंगचा खड्डा जांभ्यात. मेमध्ये तिथे ओल औषधाला सापडत नाही. मीठ-कोळसा भरला, पाणी ओतलं, फरक टिकत नाही. पावसाळ्यात न्यूट्रल-अर्थ बराच कमी होतो, पण तेव्हा आसपासच्या बागांचे पंपही बंद असतात, त्यामुळे खात्रीने काही म्हणता येत नाही. वायरमनचं उत्तर ठरलेलं: 'दिवे लागतात ना?'

अर्थची पिन काढायचा सल्ला कृपया नको. महागड्या पॉवर केबलवर माझा विश्वास नाही. खाऱ्या हवेत आत पंखा असलेली उपकरणं लवकर गंजतात, म्हणून ऑनलाइन यूपीएस घ्यायला मन धजत नाही.

सर्व्हो स्टॅबिलायझरने व्होल्टेज सावरेल, पण घुमणं लाइनच्या एसीत मिसळलेल्या डीसीमुळे असेल तर? तो डीसी साध्या मल्टिमीटरने सुरक्षितपणे मोजता येतो का? आणि न्यूट्रल-अर्थचा चढ माझ्या खड्ड्यामुळे की लाइनच्या न्यूट्रलमुळे, हे अर्थ टेस्टर (अर्थिंगचा रोध मोजणारं यंत्र) न आणता कसं ओळखायचं?