लकव्याच्या पेशंटला आधी काय हवं: इंजेक्शन की नर्स?

रात्रपाळी
मी बारा वर्षं उपजिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे सिटी स्कॅन नाही, जवळचा 70 किलोमीटरवर. अंगावरून वारं गेलेला माणूस आला की नातेवाईक पहिलं विचारतात, "मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे का?" नाही म्हटलं की सगळ्यांचे चेहरे पडतात, आणि पुढे त्या खाटेकडे 'आता काय व्हायचं ते होईल' अशाच नजरेने बघितलं जातं.

मी पाहिलेले कितीतरी मृत्यू पहिल्या दिवसाचे नव्हते. पाचव्या-सहाव्या दिवशी न्यूमोनिया व्हायचा, कारण पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी मायेने आडव्या पेशंटला चहा पाजलेला असायचा. गिळता येत नसलं की तो चहा फुफ्फुसात उतरतो. ऑस्ट्रेलियात 19 स्ट्रोक युनिटमध्ये, म्हणजे लकव्याच्या खास कक्षांत, नर्सेसना तीनच गोष्टी शिकवल्या: ताप, साखर आणि गिळणं, पहिले 72 तास. 2011 साली निकाल आला. 90 दिवसांनंतर मृत किंवा परावलंबी असलेले पेशंट 58 टक्क्यांऐवजी 42 टक्के होते. पैसा थोडाच असेल तर तो आधी चार खाटांच्या लकवा कक्षावर आणि दोन जादा नर्सवर घाला, असं माझं म्हणणं आहे.

फिजिशियन_तालुका
सिस्टर, तुमचा अनुभव खोटा नाही, पण तुलना चुकते आहे. त्या युनिटमध्ये सिटी स्कॅन होता, इंजेक्शनही होतं. नर्सिंग त्यावर चढलेलं होतं, त्याच्या जागी नव्हतं. स्कॅनशिवाय गुठळी आहे की रक्तस्राव, हे मी तपासून खात्रीने सांगू शकत नाही. साधी ॲस्पिरिन द्यायलाही हात थांबतो. आणि लकवा आल्यापासून इंजेक्शनला वेळ साडेचार तासांचा. मोठी रक्तवाहिनी बंद झाली की मिनिटाला सुमारे 19 लाख मज्जापेशी जातात.

न्यूरोलॉजिस्ट नाही, हेही कारण मी मानत नाही. हिमाचल प्रदेशात 2014 पासून जिल्ह्याच्या ठिकाणचे फिजिशियन फोनवर न्यूरोलॉजिस्टचा सल्ला घेऊन हे इंजेक्शन देऊ लागले, आणि औषध राज्य सरकार मोफत पुरवतं. तिथले घाट आपल्यापेक्षा अवघड आहेत.

रात्रपाळी
डॉक्टर, इंजेक्शन दिल्यानंतर बीपी कोण बघणार? पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, मग 24 तास पुरे होईपर्यंत तासातासाला. 36 वेळा झालं. रात्री मी एकटी असते आणि वॉर्डात चाळीस पेशंट. याच औषधाच्या 1995 च्या अमेरिकन अभ्यासात शंभरातल्या सहा जणांना मेंदूत रक्तस्राव होऊन तब्येत बिघडली होती. तो वेळेत ओळखायचा तर खाटेजवळ माणूस लागतो. म्हणजे इंजेक्शनसाठीही आधी नर्सच हवी.

ज्यांना मुळातच रक्तस्राव झालाय त्यांना तर ते देताच येत नाही. त्यांच्यासाठी भारतासह दहा देशांत 7000 हून जास्त पेशंटवर अभ्यास झाला. बीपी लवकर खाली आणायचं, साखर आणि ताप आवरायचा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम उतरवायचा. 2023 चा निकाल चांगला आहे.

वैनगंगाकाठ
तुम्ही दोघं रुग्णालयाच्या दारापासून सुरुवात करताय. गडचिरोलीत 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा लकवा पहिल्या क्रमांकावर निघाला, 14.3 टक्के. आणि त्यातले बहुतेक घरीच गेले होते. आमच्याकडे आधी झाडपाला देणाऱ्याकडे नेतात, मग दवाखान्यात. आशाताईंच्या हाती बीपीचं मशीन आणि उपकेंद्रात वर्षभर न संपणाऱ्या बीपीच्या गोळ्या, माझं मत त्याला.

बाबांची_मुलगी
माझे बाबा दीड तासात रुग्णालयात पोचले होते. तिथून रेफर, पुढच्या ठिकाणाहून पुन्हा रेफर. तिसऱ्या ठिकाणी स्कॅन झाला तेव्हा सात तास उलटले होते. आज त्यांचा उजवा हात चालत नाही आणि माझं नाव त्यांना उच्चारता येत नाही. त्यांना गिळायला त्रास नव्हता, न्यूमोनियाही झाला नाही. त्यांना स्कॅन हवा होता, वेळेत. नर्स आधी, असं मला कुणी सांगू नये.

फिजिओ_फिरती
डिस्चार्जनंतरचं कुणी बोललंच नाही. 'व्यायाम घरच्यांना शिकवा, ते करून घेतील' असं सर्रास म्हणतात. भारतातल्या 14 रुग्णालयांत 1250 पेशंटवर नेमकं हेच करून पाहिलं, 2017 ला निकाल आला: सहा महिन्यांनी काहीच फरक नाही. घरच्यांच्या गळ्यात घालून फिजिओची पदं टाळता येणार नाहीत.

फिजिशियन_तालुका
36 वेळा बीपीचा मुद्दा मान्य. तरी क्रम बदलत नाही. स्कॅनची मागणी मंजूर व्हायला वर्षं जातात, म्हणून ती आज जायला हवी. पत्र मी लिहितो, त्यात दोन नर्सची पदंही मागतो.

रात्रपाळी
लिहा, सगळ्या सिस्टरच्या सह्या घेऊन देते. पण नर्सची पदं वरच्या ओळीत टाका. ताई, तुमच्या बाबांसारखा पेशंट मी दोनदा रेफर केलाय, गाडी निघताना पाहिलीय. आज रात्रीपुरता वॉर्डच्या दारावर कागद चिकटवलाय: लकव्याच्या पेशंटला सिस्टरला विचारल्याशिवाय पाणी, चहा पाजू नये.