मामाची एमजीए: अँबॅसडरचं इंजिन ठेवू की मूळ इंजिन शोधू?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. इथे पाककृती वाचायला येणारी मी, आज वाहन विभागात धागा काढतेय. सांभाळून घ्या.

माझे मामा गेल्या श्रावणात गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्रात वाईच्या घराचे हिस्से नीट पाडलेत आणि खाली वेगळी ओळ आहे, की गाडी फक्त माझ्या नावे. गाडी म्हणजे १९५७ सालची एमजीए १५००, एमजी या इंग्लिश कंपनीची. उघडी, दोन सीटची, लाल. आजोबांनी ती मुंबईत मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतली, असं घरात सांगतात. आरसी मामांच्या नावावर आहे.

गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी आहे. पुढचा भाग बरा दिसतो. दाराखालचा पत्रा मात्र बोटाने चुरतो, पायाखालच्या लाकडी फळ्या कुजल्यात आणि सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलाय. या गाडीच्या दाराला बाहेरून हँडलच नसतं. आत हात घालून दोरी ओढायची. लहानपणी ती ओढायचा मान माझा होता, म्हणून बहुधा मृत्युपत्रातली ती ओळ.

आता अडचण. गावातले फिटर बघून गेले, म्हणाले, "ताई, हे इंजिन अँबॅसडरचं आहे." मामींना आठवतं की ऐंशीच्या दशकात मूळ इंजिनाला तडा गेला होता आणि मामांनी "दुसरं" बसवून घेतलं. पुण्यातल्या एका रिस्टोरेशनवाल्यांनी फोटो बघूनच सांगितलं, की दोन्ही इंजिनं विसरा, जपानी इंजिन टाकू, एसी, पॉवर स्टिअरिंग, सगळं करू. आकडा ऐकून मी चहा खाली ठेवला. भाऊ म्हणतो विकून टाक.

मला एसी नकोय. पसरणी घाट चढून पाचगणीला जाईल आणि तशीच उतरेल, एवढी गाडी हवी. सुरुवात कुठून करू? सुटे भाग मिळतात का? आणि आरपीएमचा काटा कधीच हलत नसे, मामा म्हणायचे तो शोभेचा आहे. खरंच तसं असतं का?

रिंगपिस्टन

कृष्णाकाठची ताई, तुमच्या मामांना आणि त्यांच्या त्या फिटरला माझा नमस्कार. दोघांना अक्कल होती. कशी, ते सांगतो.

एमजीए १५०० मध्ये बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीचं बी-सिरीज इंजिन येतं, १४८९ सीसी. आपली अँबॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती, आणि तिच्यातही पुढे हेच १४८९ सीसी बी-सिरीज आलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९, दोन्हीकडे तेच. म्हणजे तुमच्या गाडीत परकं इंजिन नाही, चुलत भाऊ बसलाय. फरक आहे तो वरच्या बाजूला: एमजीएला एसयू बनावटीच्या दीड इंची कार्बुरेटरची जोडी, कॉम्प्रेशन ८.३ ला १, कॅमशाफ्ट वेगळा. अँबॅसडरचं इंजिन साखर कारखान्याच्या चेअरमनना झोप लागेल अशा बेताने ट्यून केलेलं. पण ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड हा सांगाडा एकाच घराण्यातला. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात हा ब्लॉक बोअर करून देणारे अजून आहेत, आणि त्यांना तो डोळे झाकून ओळखू येतो. ते जपानी इंजिनवाले त्यांच्या दुकानातच बरे.

काटा शोभेचा नाही. एमजीएत आरपीएमच्या घड्याळाला केबल असते आणि ती डायनॅमोच्या मागच्या टोकाला जोडतात. ल्यूकसचा सी३९पीव्ही२ नावाचा डायनॅमो, त्याच्या ढुंगणावर अंगठ्याएवढा छोटा गिअरबॉक्स. अँबॅसडरच्या डायनॅमोला तो नसतो. इंजिन बदलताना डायनॅमोही अँबॅसडरचा आला असणार, मग केबल बांधणार कशाला? डॅशबोर्डखाली हात घाला, गुंडाळून तारेने बांधलेली केबल सापडेल असं माझं मन सांगतं. मूळ डायनॅमो घरात कुठे पडलाय का बघा. भंगारात गेला नसेल तर गाडीतल्या कुठल्याही क्रोमपेक्षा तो महत्त्वाचा.

पण ताई, इंजिन हे तुमचं शेवटचं काम. पहिलं काम चॅसिस. सीटच्या मागे झाकण आहे, त्याखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या दोन बाजूंना बसतात. वर्षानुवर्षं ॲसिड खाली गळतं आणि नेमका तिथलाच चॅसिसचा भाग सडतो. जॅक लावा, खाली लाकडी ठोकळे द्या (जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, हे ओरडून सांगतोय), आणि मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन बॅटरीच्या कप्प्याभोवती, फळ्या टेकतात त्या पट्ट्यांवर आणि दाराच्या खांबांच्या मुळाशी टोचत जा. रंगावर विश्वास ठेवू नका. टणक आवाज आला तर पुढे, आत घुसला तर खडूने खूण. ते फोटो इथे टाका.

दाराखालचा पत्रा आत्ताच कापायला देऊ नका. आधी दारं बंद करून फटी मोजा. पत्रा कापला आणि बॉडी वाकली, की दार जन्मात नीट लागत नाही. आधी आडवे पाइप वेल्ड करून दरवाजाची चौकट बांधायची, मग कापायचं. हे ज्या मिस्त्रीला समजावून सांगावं लागतं, त्याच्याकडे गाडी ठेवू नये. बॉनेट, डिकीचं झाकण आणि दाराचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे, बाकी लोखंड. रंग काढायला दोन्हीवर एकच ग्राइंडर फिरवणारा भेटेल, त्याला हात लावू देऊ नका.

पेठकर

काकांशी सहमत. पुण्याच्या नाना पेठेत अँबॅसडरच्या रिंगा, गॅस्केट, वॉटरपंप अजून विचारलं की निघतात, पण दुकानदाराला "एमजी" म्हणू नका. म्हणालात की भाव तिप्पट, नाहीतर तो समोरच्या शोरूमकडे बोट दाखवतो. गुपचूप अँबॅसडर म्हणा, जुना पार्ट पिशवीत घेऊन जा आणि काउंटरवर शेजारी ठेवून मापून घ्या. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. तिथे एमजीएचे भाग मिळणार नाहीत, पण इंची, म्हणजे सुताच्या मापाचे, पाने मिळतील. या गाडीचे नटबोल्ट इंचाच्या मापाचे आहेत, मिलिमीटरचे पाने लावून लोक डोकी गोल करून ठेवतात.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन आशा लावून बसू नका. तिथे आता सगळा नव्या गाड्यांचा माल.

टेम्सकाठी

मी ऑक्सफर्डजवळ राहते. तुमची गाडी जिथे जन्मली ते ॲबिंग्डन इथून बसने जाण्याइतकं जवळ. कारखाना १९८० साली बंद झाला, पण एमजी कार क्लबचं ऑफिस, किंबर हाऊस, तिथेच आहे. इतक्या लांबच्या गाडीची काळजी करू नका: एमजीए एकूण १,०१,०८१ बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, आणि म्हणूनच सुटे भाग बनवणाऱ्यांचा धंदा अजून चालतो. कॅलिफोर्नियातले मॉस मोटर्स आणि त्यांची इथली शाखा यांच्या कॅटलॉगात दाराच्या दोरीपासून पायाखालच्या फळ्यांपर्यंत सगळं नवं मिळतं. फळ्या मात्र मागवू नका. साधा प्लाय आहे तो, मागवायच्या भाड्याच्या पैशात वाईचा सुतार मरीन प्लायच्या कापून देईल.

मुख्य काम वेगळंच आहे. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदवह्या आहेत. चॅसिस नंबर कळवला आणि फी भरली की ते दाखला देतात: गाडी कधी बनली, मूळ इंजिन नंबर काय, कुठल्या देशात रवाना झाली, रंग कोणता. नंबराची पाटी बॉनेट उघडल्यावर मागच्या भिंतीवर आहे. डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला रंग कुठला दिसतो तेही बघा. लाल सगळ्यांनाच आवडतो, पुढे कोणीतरी मारलेला असू शकतो.

आरटीओग्रस्त

रंगाचं नंतर. कागद कोणाच्या नावावर आहेत? मृत माणसाच्या नावावर. वारसाने हस्तांतरणाचा फॉर्म ३१ भरायचा असतो आणि त्याची मुदत मृत्यूपासून तीन महिने. श्रावण उलटून गेलाय. उशिराचा दंड भरा, मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र आणि इतर वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं जोडा. भावाची सही आत्ताच घ्या, "विकून टाक"वरून "माझाही हिस्सा" व्हायला वेळ लागत नाही.

दुसरं, आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळतो का? मामांनी इंजिन बदलल्याची नोंद करून घेतली असेल तर निश्चिंत. नसेल तर कलम ५२ खाली ती आधी निस्तरा. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी, नोंदणी फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरण ५,०००. जुना नंबर ठेवता येतो. पण अट अशी, की चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय ती नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यालाच. पाचगणीला भजी खायला जायचं असेल तर घाई करून व्हिंटेज करू नका. आणि जपानी इंजिन टाकलंत तर तो दरवाजा कायमचा बंद.

मोकळारस्ता

विकायची झाल्यास व्यनि (खासगी निरोप) करा. आहे त्या स्थितीत घेईन.

कृष्णाकाठची

विकायची नाहीये, दादा. भावानेही सही दिली, वर म्हणाला पहिली फेरी त्याची.

रिंगपिस्टन काका, केबल सापडली! तारेने नाही, सुतळीने बांधली होती. डायनॅमो नाही मिळाला. पण मामींनी धान्याच्या कोठीमागून पत्र्याचा डबा काढला, त्यात कार्बुरेटरची जोडी, मॅनिफोल्डसकट, ग्रीस लावून मेणकापडात गुंडाळलेली. मूळ ब्लॉक भंगारवाल्याने नेला, हे मामींना पक्कं आठवतं, कारण त्या पैशांतून मिक्सर आला.

टोचून बघितलं. डाव्या बॅटरीखाली स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. उजवीकडे टणक. डॅशबोर्डच्या आत फिकट निळा रंग आहे. आरसीवर इंजिन बदलाची नोंद आहे, शिक्क्यासकट. मामा असे नव्हते खरं तर, लाइटबिल सोडून कशाची पावती जपत नसत.

डब्यातले कार्बुरेटर उघडून साफ करू का? हात शिवशिवताहेत.

रिंगपिस्टन

करा, पण एका वेळी एकच. एसयूमध्ये वरचं घुमट आणि आतला पिस्टन ही जुळवलेली जोडी असते. पुढच्याचा पिस्टन मागच्या घुमटात गेला तर तो अडकत राहतो आणि मग लोक महिनोनमहिने सुईला दोष देत बसतात. दोन ताटं घ्या, एकात पुढचा, एकात मागचा. ग्रीस रॉकेलने धुवा, घुमटाच्या आत पॉलिश पेपर अजिबात नको. कोरडं झाल्यावर पिस्टन बोटाने उचलून सोडा. खाली पुलावर (कार्बुरेटरच्या गळ्यातल्या उंचवट्यावर) टेकताना स्वच्छ "टक्" ऐकू आलं पाहिजे. जड पडला किंवा मध्ये थबकला तर सुई पेट्रोलच्या नळीच्या, म्हणजे जेटच्या, मध्यावर नाही. थ्रॉटलचा दांडा हलवून बघा, खुळखुळला तर तिथून हवा ओढणार आणि आयडलिंग कधीच बसणार नाही. तो दांडा आणि बुश कोल्हापुरात होतील. जेटच्या तळाला कॉर्कच्या वॉशरी आहेत, त्या इतकी वर्षं कोरड्या राहून गेल्या असणार. इंग्लंडात सॅल्सबरीला एसयूचे भाग अजून बनतात, तिथून दोन्हींचा किट मागवा. पेट्रोलचे पाइपही तेव्हाच बदला, पंपावर आता वीस टक्के इथेनॉल येतं आणि जुनं रबर त्यात विरघळतं. इथेनॉल चालणारे पाइप मागा, बिलावर लिहून घ्या.

परदेशातून काय मागवायचं, याबाबत माझं मत कडक आहे. कार्बुरेटरचे किट, आरपीएमच्या गिअरबॉक्ससह डायनॅमो आणि ब्रेक-क्लचच्या मास्टर सिलिंडरचे रबर. एमजीएत ब्रेक आणि क्लच दोन्हींचा मास्टर सिलिंडर एकाच ओतीव तुकड्यात असतो, तो अँबॅसडरचा चालत नाही. आतून खड्डे पडले असतील तर फेकू नका, पितळी स्लीव्ह घालून देणारे आहेत आमच्याकडे. परदेशातून घ्याल ते नवंच घ्या. वापरलेला जुना माल आणायला परवाना लागतो, सेकंडहँड डायनॅमो स्वस्त म्हणून घेतलात तर तो कस्टममध्ये म्हातारा होईल. ड्यूटी आणि आयजीएसटी धरूनच किमतीचा विचार करा. बाकी रिंगा, गॅस्केट, बेअरिंग इथलंच.

डावी बाजू फोटोत दाखवा, आधी नि मग चौकट बांधल्यावर. बॅटऱ्या जोडताना लक्षात ठेवा, मूळ गाडीला अर्थ प्लसची असते, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक चॅसिसला जोडलेलं. मामांच्या फिटरने उलटवली आहे की नाही, ते डायनॅमो आणि घड्याळांच्या तारा बघूनच कळेल, तोवर बॅटरी लावू नका.

गाडी घेऊन कोल्हापूरला यायचं झालं तर ट्रकच्या हौद्यात घाला, टो करू नका. येण्याआधी उद्यमनगरच्या सुट्टीचा वार विचारून घ्या.