‘इमर्शन कूलिंग’ला मराठीत काय म्हणावं?

महापेतल्या एका डेटा सेंटरसाठी सुरक्षा-सूचनांचं मराठी पत्रक करतोय. तिथे सर्व्हर तेलासारख्या द्रवात बुडवून थंड ठेवतात. यांत्रिक भाषांतरात ‘विसर्जन शीतकरण’ आलं. टेक्निशियन पोरं विचारतायत, आधी आरती करायची का? ‘निमज्जन’ चालेल?

—

विसर्जन नकोच. वि + सृज्, म्हणजे सोडून देणं, निरोप देणं. सभासुद्धा विसर्जित होते, तिला कोणी पाण्यात घालत नाही. सर्व्हर तर दुरुस्तीला परत वर काढायचा असतो. निमज्जन अर्थाने बरोबर (मज्ज् म्हणजे बुडणे), पण भिंतीवरच्या पाटीवर ते कोणाला कळणार? ‘बुडीत’ही टाळा, माझी सगळी नोकरी बँकेत झाली, मला घाम फुटतो. ‘द्रवात बुडवून थंड करणे’ असं एकदा समजावून द्या आणि नाव इमर्शन कूलिंगच ठेवा. (१९८५ च्या क्रे-२ महासंगणकाचे सर्किट बोर्ड फ्लुओरिनर्ट या द्रवात बुडवलेले होते. आपला शब्द शोधायला चाळीस वर्षं उशीरच झालाय.)

—

नावापेक्षा मला ‘कूलंट’ (थंड करणारा द्रव) या शब्दाची धास्ती वाटते. मी चाकणला सीएनसीवर (धातू कापणाऱ्या संगणक-नियंत्रित यंत्रावर) बारा वर्षं काढली. आमच्याकडे कूलंट म्हणजे पाण्यात कालवलेलं दुधी तेल. तिथून आलेल्या माणसाला ‘कूलंट कमी झाल्यास भरावे’ एवढंच सांगितलं, तर तो काय ओतेल? टाकीत पाणी गेलं की द्रवाचा विद्युतरोध ढासळतो. ‘शीतक’ लिहून हा घोटाळा सुटत नाही, नुसता संस्कृत होतो. द्रवाचं डब्यावर छापलेलं नाव जसंच्या तसं लिहा.

—

मी ‘विद्युतरोधी द्रव’ लिहिलंय. आणि पुढे ‘वीजपुरवठा बंद करण्यात यावा’.

—

शब्द ठीक, पण वाचणारा त्याचा अर्थ ‘शॉक लागत नाही’ असा घेतो. द्रव वीज वाहू देत नसला तरी वरच्या जोडण्यांत वीज असतेच. आणि ‘करण्यात यावा’ म्हणजे कोणी? सरकारी मराठीत कर्ता नेहमी रजेवर. ‘आधी वीज तोडा, स्विचला टाळं लावा, मगच सर्व्हर उचला’ असं लिहा.

—

टाकी कुठल्या प्रकारची आहे? नुसत्या तेलाची असेल तर निथळणारा सर्व्हर, निसरडी फरशी आणि नायट्राइलचे हातमोजे, एवढ्यावर भागेल. सर्व्हरच्या उष्णतेने द्रव उकळतो आणि वाफ ती उष्णता घेऊन जाते, अशी असेल तर ‘वाफ’ हा शब्द जपून वापरा. वाफ म्हटलं की आपल्याला भाताचं पातेलं दिसतं: पांढरी, वर जाणारी. अशा टाक्यांत वापरला जाणारा एक द्रव, फ्लुओरोकीटोन (फ्लुओरीन असलेलं रसायन), ४९ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याचा रेणुभार ३१६, हवेचा सरासरी २९. म्हणजे ती वाफ खाली बसते, फरशीखालच्या पोकळीत नि खड्ड्यात साचते आणि तिथली हवा बाहेर ढकलते. त्या पोकळीत वाकून केबल ओढणाऱ्याचा श्वास कोंडू शकतो. आग लागली तर हायड्रोजन फ्लुओराइडसारखा घातक वायू निघतो, तो वेगळाच. मी ‘न दिसणारी जड वाफ’ असं लिहीन, आणि लगेच पुढे: ‘ऑक्सिजन कमी झाल्याचा भोंगा वाजला की काम टाकून बाहेर पडा.’

—

उकळणारीच आहे. पत्रक पुन्हा लिहितो. ‘टँक’ला ‘हौद’ केलं होतं, ते तरी राहू दे?

—

पुण्यात हौद म्हटलं की परत विसर्जनच. टाकी लिहा.